क्रोनो ट्रिगर पुन्हा खेळताना: हा नुसता जुन्या आठवणींचा उमाळा आहे का?

पाणंद

नमस्कार. मे महिन्याच्या सुट्टीत माझी तेरा वर्षांची भाची पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आली होती. त्यातले दोन दिवस घरातले इंटरनेट बंद पडले आणि करमेनासे झाल्यावर कपाटात सापडलेला माझा जुना निन्टेंडो डीएस तिने बाहेर काढला. त्यात 'क्रोनो ट्रिगर' या कालप्रवासावरच्या जपानी व्हिडिओ गेमची कॅसेट होती.

मी स्वतः हा खेळ पहिल्यांदा खेळलो तो इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात, २००२ च्या सुमारास, एका मित्राच्या संगणकावर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) चढवून. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे ज्याला सगळे सरसकट 'व्हिडिओ गेम' म्हणत, ते यंत्र बहुतेक घरांत निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जुन्या यंत्राची नक्कल असे, आणि त्याच्या कॅसेटमध्ये मारिओ, कॉन्ट्रा आणि तेच ते रणगाडे असत. जपानमध्ये ११ मार्च १९९५ रोजी सुपर फॅमिकॉमवर आलेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत पोचलेला हा खेळ त्या वाटेने आपल्यापर्यंत येणे शक्यच नव्हते. त्यामुळे माझे या खेळावरचे प्रेम म्हणजे वसतिगृहातल्या रात्रींवरचे प्रेम आहे, अशी मी इतकी वर्षे स्वतःची समजूत घालून घेतली होती.

भाचीने ती समजूत मोडली. खेळाच्या सुरुवातीला गार्डिया राज्याच्या सहस्राब्दीची जत्रा भरलेली असते. तिथे खेळाचा नायक क्रोनो याची एका मुलीशी धडक होते आणि तिच्या गळ्यातले पदक खाली पडते. भाचीने आधी पदक उचलले आणि मग मुलीची विचारपूस केली. पुढे एका म्हाताऱ्याची शिदोरी ठेवलेली दिसली. तिने बटण दाबले, शिदोरी फस्त झाली, क्रोनोची ताकद भरून निघाली आणि ती पुढे गेली. नंतर बऱ्याच घडामोडी होऊन त्याच मुलीला, म्हणजे राजकन्येला, पळवल्याच्या आरोपावरून क्रोनो न्यायालयात उभा राहिला, तेव्हा म्हाताऱ्याची शिदोरी कोणी खाल्ली हा विषय भर सुनावणीत निघाला. पदक आधी उचलले की मुलीला आधी हात दिला, हेही निघाले. भाची माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, मला कुठे माहीत होतं, ते बघतायत म्हणून!"

वसतिगृहात मीही जवळजवळ हेच शब्द उच्चारले होते. तिच्याजवळ या खेळाची एकही जुनी आठवण नाही, सोळा बिटांच्या चित्रांबद्दल जिव्हाळा नाही, आणि तिचे रोजचे खेळ दिसायला याच्यापेक्षा कितीतरी देखणे आहेत. तरीही घाव त्याच जागी बसला. म्हणून जाणकारांना विचारतो: यात नेमके काय आहे? 'अभिजात आहे', 'त्या काळी असे खेळच वेगळे होते' अशी उत्तरे कृपया नकोत. खेळातली जागा दाखवून बोललात तर आभारी राहीन.

तळटीप

प्रश्न चांगला आहे आणि आपण सांगितलेल्या प्रसंगातच त्याचे अर्धे उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते.

या खेळाबद्दल बोलताना लोक आधी नावे घेतात, आणि नावे आहेतही तशीच. 'फायनल फँटसी'चे हिरोनोबू साकागुची, 'ड्रॅगन क्वेस्ट'चे युजी होरी आणि चित्रकार अकिरा तोरियामा एका प्रकल्पावर एकत्र आले. या दोन मालिका काढणाऱ्या स्क्वेअर आणि एनिक्स या कंपन्या त्या काळी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या, त्यांचे विलीनीकरण २००३ मध्ये झाले. म्हणजे दोन घराण्यांचे गवई एका बैठकीत बसवावेत तसा तो प्रकार होता. पण नामवंतांच्या अशा बैठका फसतातही. ही जमली, याचे श्रेय पुष्कळसे निर्माते काझुहिको आओकी, ताकाशी तोकिता, योशिनोरी कितासे आणि अकिहिको मात्सुई हे तीन दिग्दर्शक, आणि कथेचा मोठा भाग लिहिणारे मासातो काटो यांना द्यायला हवे, आणि ही नावे मात्र फारशी कोणाच्या तोंडी नसतात.

माझ्या मते या खेळाची खरी ताकद काटकसरीत आहे. सगळा खेळ ३२ मेगाबिटांच्या, म्हणजे ४ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला होता. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही याहून मोठा भरतो. त्या काळच्या बहुतेक भूमिकाप्रधान खेळांत चार पावले चालले की पडदा चमकायचा आणि न दिसलेल्या शत्रूशी वेगळ्याच पडद्यावर लढाई जुंपायची. इथे शत्रू रानात आधीच दिसतात. कोणी झुडपामागून डोकावतो, कोणी वाटेत फिरत असतो, आणि लढाई जिथे गाठ पडली त्याच जागेवर होते. शत्रू लढाईतही जागा बदलत राहतात. क्रोनोचा गिरकीचा वार जवळजवळ उभ्या असलेल्यांनाच लागतो आणि काही वार एका रेषेत आलेल्यांनाच लागतात, त्यामुळे शत्रू एका ओळीत येईपर्यंत क्षणभर थांबायचे की लगेच हात उगारायचा, हा निर्णय प्रत्येक वेळी करावा लागतो. त्यात दोघांनी किंवा तिघांनी मिळून करायचे वार आहेत. क्रोनोची सोबतीण ल्यूका हिने आग ओतायची आणि क्रोनोने त्या आगीसकट गिरकी घ्यायची, हे पहिल्यांदा साधते तेव्हा संघात कोणाला ठेवायचे याचा विचारच बदलतो.

आता आपल्या शिदोरीकडे येतो. त्या न्यायालयाचे सूत्र पुढे सगळ्या खेळभर चालते, फक्त त्याचा पल्ला वाढत जातो. उत्तरार्धातली चंद्रशिलेची गोष्ट घ्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एका गुहेत उन्हाच्या तिरिपेखाली दगड ठेवायचा आणि तो इ.स. २३०० पर्यंत तापू द्यायचा, अशी योजना आहे. मध्येच इ.स. १००० मध्ये तो नाहीसा झालेला दिसतो. तो पोरे गावच्या नगराध्यक्षाने दाबून ठेवलेला असतो, आणि गृहस्थ इतका कंजूष की काही केल्या सोडत नाही. त्याच्याशी लढता येत नाही आणि विनवण्यांनीही काम होत नाही. उपाय असा, की चारशे वर्षे मागे जाऊन त्याच्या पूर्वजाच्या घरी वाळवलेले मांस द्यायचे. घरातली बाई तुमच्या खरेदीपेक्षा किंचित जास्तच पैसे देऊ करते. ते घेतले तर थोडा नफा होतो आणि गोष्ट तिथेच संपते. नाकारले तर ती म्हणते, आपल्या मुलाबाळांनाही असेच दिलदार व्हायला शिकवीन. परत इ.स. १००० मध्ये या, नगराध्यक्ष उदार झालेला असतो. कुठेही बाण दाखवलेला नाही किंवा कामांची यादी लावलेली नाही. ज्याला सुचले त्याला सुचले.

काळ्या पेट्यांची गंमतही तीच. इ.स. ६०० मध्ये पेटी सापडली की आतली वस्तू न घेता पदकाचा स्पर्श तेवढा होऊ द्यायचा, इ.स. १००० मध्ये त्याच पेटीतून तिचे वाढलेले रूप घ्यायचे, आणि पुन्हा मागे जाऊन मूळ वस्तूही उचलायची. कालप्रवासावरचे खेळ पुष्कळ आहेत, पण खेळणाऱ्यालाच कालप्रवाशासारखी लबाडी सुचावी असे थोड्याच खेळांत घडते.

खडूस_वाचक

वरचा प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु आरतीच्या तबकात थोडे मीठही असावे म्हणून लिहितो.

त्या खटल्याची एवढी तारीफ होते, पण त्याचा निकाल काय लागतो ते कोणी सांगत नाही. पंचांनी निर्दोष ठरवले तरी कोठडी चुकत नाही. म्हणजे शिदोरी खा अथवा खाऊ नका, कथा एकाच रुळावरून धावते. नगराध्यक्षाचा प्रसंग सुरेख आहे हे मान्य, पण अशा जागा सगळ्या खेळात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि त्या प्रत्येक चर्चेत पुन्हा पुन्हा मांडल्या जातात, त्यामुळे सगळा खेळच तसा असल्याचा भास होतो. लढाया, मोजके प्रमुख शत्रू सोडले, तर सोप्या आहेत. नायक मुका आहे, म्हणून सहा जण त्याच्याकडे बघून बोलतात आणि तो मान हलवतो.

जपानच्या 'फामित्सू' साप्ताहिकाने एप्रिल २०१९ मध्ये हेइसेई कालखंडातल्या (१९८९ ते २०१९) सर्वोत्तम खेळासाठी वाचकांचा कौल घेतला, त्यात हा खेळ पहिला आला, याचाही दाखला नेहमी दिला जातो. १९९५ साली जे दहा-बारा वर्षांचे होते ते २०१९ मध्ये पस्तिशीत पोचले होते आणि साप्ताहिकाला मत कळवत होते, इतकेच त्यावरून सिद्ध होते. धागाकर्त्याच्या भाचीचे उदाहरण मात्र मला अडचणीचे वाटते, हे प्रांजळपणे कबूल करतो.

तळटीप

खडूसराव, निकालाबद्दलचा आपला मुद्दा खरा आहे. तरी मुक्या नायकाबद्दल एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. (ज्यांनी खेळ पूर्ण केलेला नाही त्यांनी हा प्रतिसाद ओलांडून पुढे जावे.)

सागरमहालात जगाचा नाश करणाऱ्या लाव्होससमोर क्रोनो पुढे सरसावतो आणि भस्म होऊन जातो. तोवर तुम्ही ज्याला नुसता बाहुला समजत होता, ज्याच्या तोंडी वाक्य नव्हते, त्याची जागा रिकामी होते आणि खेळ थांबत नाही. उरलेल्यांमधून तिघे निवडून पुढे जायचे असते. त्याला परत आणायचे तर जत्रेतल्या तंबूतून त्याच्यासारखी दिसणारी बाहुली मिळवायची, इ.स. २३०० मधला मृत्यूपर्वत चढायचा, आणि गोठलेल्या त्या एका क्षणात शिरून बाहुली ठेवून त्याला उचलून आणायचे. ज्या जत्रेतून खेळ सुरू झाला तिथेच हे परत नेते. आणि हे सगळे ऐच्छिक आहे. त्याला परत न आणताही लाव्होसला हरवता येते आणि त्याचा शेवट वेगळा आहे. १९९५ मध्ये नायकालाच ऐच्छिक करून टाकण्याचे धाडस मला तरी मोठे वाटते. तो बोलका असता तर मला त्याचे संवाद आठवत बसले असते. मुका असल्यामुळे मी त्याच्यासाठी घेतलेले निर्णयच आठवले.

रानजाई

संगीताचा विषय अजून कोणी काढला नाही, याचे आश्चर्य वाटले. मी पेटी शिकवते. व्हिडिओ गेम खेळणे माझा प्रांत नव्हे, पण मुलामुळे हा खेळ घरात शिरला आणि मी स्वयंपाकघरातून नुसती ऐकत राहिले.

यासुनोरी मित्सुदा तेव्हा विशीतला तरुण होता आणि स्क्वेअरमध्ये ध्वनिपरिणाम तयार करण्याच्या कामावर होता. संगीत द्यायला मिळणार नसेल तर नोकरी सोडतो, असे त्याने साकागुचींना सांगितले, आणि त्यांनी हा खेळ त्याच्या हवाली केला. त्याने इतके काम अंगावर घेतले की पोटात व्रण होऊन तो आजारी पडला; हार्ड डिस्क बिघडल्यामुळे तयार होत असलेल्या सुमारे चाळीस रचना गेल्या त्या वेगळ्याच. उरलेल्या रचनांसाठी 'फायनल फँटसी'चे संगीतकार नोबुओ उएमात्सु मदतीला आले. यंत्राची मर्यादाही बघा: एका वेळी आठच आवाज वाजणार, आणि सगळी वाद्ये मिळून ६४ किलोबाइटांच्या ध्वनिस्मृतीत बसवायची. आठपैकी एखादा आवाज तलवारीच्या खणखणाटासाठी मोकळा लागला तर सुरावटीतला एक धागा तेवढ्यापुरता गळणार. अशा अडचणीत रचनाकाराला भरजरी वाद्यमेळाचा आधार घेता येत नाही, चाल स्वतःच्या पायांवर उभी राहावी लागते.

मला सगळ्यात आवडते ती झील राज्याची चाल, पण ती जिथे येते ती जागा त्याहून आवडते. इ.स.पू. १२००० मध्ये पोचल्यावर सगळीकडे हिमवादळ असते आणि गाणे असे काही नसतेच, फक्त वाऱ्याचा आवाज येत राहतो. ढगांवरच्या राज्यात चढून गेल्यावर एकदम ऊन पडते, आणि सतारीसारख्या झंकारावर ती चाल सुरू होते. आधीची शांतता नसती तर त्या झंकाराला अर्धाच अर्थ उरला असता. बैठकीत षड्ज लावण्यापूर्वी तंबोरे जुळवताना सगळे गप्प बसतात, तशी ती शांतता मला वाटते. माझ्या मुलाला यातले काही ठाऊक नाही, पण त्या जागी पोचला की तो खेळायचे सोडून नुसता उभा राहायचा.

टोकिओ ऑलिंपिकच्या उद्घाटनात, २३ जुलै २०२१ रोजी, खेळाडूंच्या संचलनासाठी जपानी व्हिडिओ गेममधले संगीत वाजवले गेले होते. त्यात या खेळातल्या बेडूक नावाच्या पात्राची धून लागली तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली.

दोन_ओळींमधले

मी भाषांतराच्या व्यवसायात आहे, म्हणून भाषेबद्दल थोडेसे.

१९९५ चे इंग्रजी भाषांतर टेड वूल्झी यांनी सुमारे महिनाभरात केले. इतक्या थोड्या अवधीत आणि कार्ट्रिजमधल्या मोजून दिलेल्या जागेत शब्दशः भाषांतर होणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी माणसे उभी करण्यावर भर दिला. बेडूक हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. शाप लागून बेडूक झालेला हा सरदार मूळ जपानीत बराचसा रांगडा, सरळ बोलतो. वूल्झींनी त्याला जुन्या दरबारी इंग्रजीत बोलायला लावले, आणि इंग्रजीतून खेळलेल्या साऱ्या जगासाठी बेडूक तसाच झाला. २००८ मध्ये डीएससाठी नवे भाषांतर झाले, त्यात ती जुनी सर्वनामे काढून टाकली गेली. मुळाशी अधिक प्रामाणिक असूनही ते कित्येकांना फिके वाटले. धागाकर्त्याने वसतिगृहात जुना बेडूक ऐकला आणि भाचीने डीएसवर नवा, हे त्यांच्या लक्षात आले का, हे जाणून घ्यायला आवडेल.

मराठीत करायचे झाले तर मी बेडकाला बखरीच्या वळणाची भाषा देईन. "सरदार पडले, आम्ही मात्र देह राखोन माघारे आलो, ही लाज कैसी निवारावी?" असे काहीतरी. हिरव्या कातडीचे, पोक काढून चालणारे ध्यान आणि तोंडी ही भाषा, यातला विनोद आणि करुणा दोन्ही मराठी वाचकाला न समजावता कळेल. आदिमानवांची प्रमुख आयला हिचे काम जास्त कठीण आहे. ती तुटक बोलते, आणि तिला एखाद्या बोलीचे वळण दिले की त्या बोलीचा अपमान होतो. आकाशातून कोसळणाऱ्या संकटाला नावही तीच देते: तिच्या भाषेत 'ला' म्हणजे आग आणि 'व्होस' म्हणजे मोठे. जगाचा नाश करणाऱ्याचे नाव त्याला पाहून घाबरलेल्या पहिल्या माणसांनी आपल्या साध्या शब्दांत ठेवले, ही कल्पना मला त्या सगळ्या कथेत सर्वांत खरी वाटते.

पाणंद

सर्वांचे मनापासून आभार. बेडकाचे बोलणे बदलले आहे, हे माझ्या लक्षात आले होते, पण कारण आज कळले. मला जुनाच बरा वाटतो.

भाची नाशिकला परत गेली, ती डीएस घेऊनच. काल रात्री फोन आला तेव्हा ती फियोनाच्या रानापर्यंत पोचली होती. इ.स. ६०० मध्ये तिथे वाळवंट असते. रोबो या यंत्रमानव सोबत्याला झाडे लावायला मागे ठेवून बाकीचे कालयानातून चारशे वर्षे पुढे येतात. खेळणाऱ्याच्या दृष्टीने हा अर्ध्या मिनिटाचा प्रवास असतो. इ.स. १००० मध्ये तिथे घनदाट रान असते आणि रोबो, गंजलेला आणि बंद पडलेला, एका देवळात पूजेला लागलेला असतो. त्या रात्री शेकोटीभोवती सगळे बसतात, आणि बाकीचे झोपल्यावर ल्यूकाला एकटीला लहानपणीच्या घराकडे नेणारे दार उघडते. तिथे तिच्या आईचा झगा वडिलांच्या यंत्रात अडकतो. यंत्र थांबवायला काही क्षणच मिळतात आणि संकेतशब्द बटणांनीच द्यायचा असतो: एल, ए, आर, ए. वडिलांनी आईचेच नाव ठेवलेले असते.

भाचीला ते वेळेत सुचले नाही. आईचे पाय गेले आणि खेळ काही न बोलता पुढे चालू लागला. फोनवर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आदल्या दिवशीचे सेव्ह आहे, तिथून परत जाऊ का? मी म्हटले, जा. खडूसराव, इथे आपला मुद्दा मला मान्य करावा लागतो: सेव्ह केलेल्या जागी परत जाता येत असेल तर कसला आलाय परिणाम? पण तिने मला संकेतशब्द विचारला नाही, आणि मी सांगायला लागलो तर "मामा, थांब" म्हणून तोडले. तासाभराने संदेश आला: "आईचं नाव होतं."

डीएसचा चार्जर आमच्याकडेच राहिला होता. आज सकाळी कुरिअर केला आहे. तोवर बॅटरी पुरेल की नाही, शंकाच आहे.

खडूस_वाचक

चार्जर पोचला की कळवा. आणि तिने मॅगसला, म्हणजे आधी शत्रू असलेल्या त्या जादूगाराला, मारले की बरोबर घेतले, तेही विचारून ठेवा.